राहतं घर धरत नाहीत

नाशिक
९ जानेवारी २०२६, शुक्रवार

सकाळी उठून पाणी भरलं. दहा वाजता शरणपूर रोडला सीएच्या ऑफिसात गेलो. दुपारी परत आलो. येताना पोळीभाजीचा डबा आणला. संध्याकाळी पेपर वाचला. निफाडचा पारा पाचच्या खाली गेल्याचं पहिल्या पानावर आहे. तुझा जाड स्वेटर इथेच कपाटात राहिला आहे.

उज्वला,

तुझा फोन बंद असतो. तो का बंद असतो ते मला माहीत आहे. आपल्या सुयशच्या अपघाताचा फोन पोलिसांनी तुझ्याच नंबरवर केला होता. म्हणून पत्र लिहितो आहे. मला याची सवय नाही. कंपनीत तीस वर्षं इन्स्पेक्शन रिपोर्ट लिहिले, तेवढंच माझं लिहिणं.

सीएकडे कशासाठी गेलो ते सांगतो. सुयशची कंपनी आता त्याची भागीदार तेजल एकटी चालवते. ती मागच्या आठवड्यात घरी आली होती. तिच्याकडे फेब्रुवारीपर्यंतच पैसे आहेत. मुंबईचा एक फंड पैसे घालायला तयार झाला आहे, पण अट अशी की तितकेच पैसे दुसऱ्या कोणीतरी घालायचे, आणि तेही त्या फंडातूनच यायचे. मी म्हटलं, फंड कशाला, मी तुझ्या नावाने चेकच फाडतो. ती म्हणाली, "काका, त्यांना सुटे भागीदार नको आहेत. सगळे एकाच दारातून आले पाहिजेत." आणि त्या दारातून आत जायला ॲक्रेडिटेड इन्व्हेस्टरचा दाखला लागतो. म्हणजे मान्यताप्राप्त गुंतवणूकदार. पैसे बुडाले तरी ज्याचं घर चालेल, असा माणूस. सेबीने त्याच्या अटी ठरवल्या आहेत.

मला वाटलं, एवढंच ना. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आपल्याकडे आहे.

तुला सुयशच्या त्या द्राक्षबागेतल्या डब्यांचं नाव नको आहे, हे मी विसरलो नाही. तरी हे तुला सांगितल्याशिवाय करणार नव्हतो. बाकी ठीक.

सावळीराम


नाशिक
१८ जानेवारी २०२६, रविवार

आज कुठे गेलो नाही. चादरी धुतल्या. दोरी गच्चीवर बांधली होती ती सुटली, पुन्हा बांधली.

उज्वला,

पहिलं पत्र मिळालं असेल. स्वेटर एसटीच्या पार्सलने पाठवला आहे, तोही मिळाला असेल.

सीए म्हणजे तो हर्षल. सुयशच्या एक वर्ग पुढे होता, आपल्याकडे कॅरम खेळायला यायचा. आता केस गेलेत त्याचे. त्याने माझी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडली. त्याचं आणि माझं जे बोलणं झालं ते तसंच लिहितो, म्हणजे तुला नीट कळेल.

तो म्हणाला, "काका, एकूण मालमत्ता साडेसात कोटी पाहिजे. त्यातले निम्मे तरी कागदात पाहिजेत."

"कागदात म्हणजे?"

"ठेवी, फंड, शेअर."

"मग जमिनीचा सातबारा काय कापडावर असतो का?"

तो हसला. म्हणाला, "काका, जमीन जमिनीतच धरतात. तुम्ही दिंडोरीची जमीन घ्यायची एवढी घाई का केलीत?"

त्याला काय सांगणार. आपल्याकडे जमिनीचा मोबदला आला की महिनाभरात भावकी विचारायला लागते, कुठे घेतली? पैसा खात्यावर पडून असला की लोकांना वाटतं हा आता उडवणार. तू तेव्हा म्हणाली होतीस, जरा थांबा. मी थांबलो नाही. मोबदल्याचे निम्मे पैसे तिकडे गेले, आणि ती जमीन आता फेब्रुवारीच्या आत कोणी घेणार नाही.

मग मी म्हटलं, "घर आहे की. इंदिरानगरला दोन मजली बंगला आहे, त्याचे धर."

"राहतं घर धरत नाहीत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही ज्या घरात राहता त्याची किंमत या हिशेबात शून्य."

"कितीही मोठं असलं तरी?"

"कितीही मोठं असलं तरी."

"पण आता मी एकटाच राहतो रे तिथे."

तो पुन्हा हसणार होता, पण थांबला. त्याने बेल वाजवून चहा मागवला.

तर मी एकटा त्या अटीत बसत नाही. अजून बरेच कमी पडतात. पण हर्षलने एक वाट सांगितली. नवराबायकोने मिळून अर्ज केला, तर दोघांची मालमत्ता एकत्र धरतात. तुझ्या माहेरच्या वाटणीच्या जमिनीतून आलेल्या ठेवी धरल्या तर आपण बसतो. कागदातले निम्मे सुद्धा भरतात.

ते पैसे तुझे आहेत. अकरा वर्षांपूर्वी केरूने हक्कसोडीचा कागद पुढे केला, तेव्हा तू म्हणाली होतीस की मला साडीचोळीवर मोकळं करू नका. त्या पैशांपायी तुझं माहेर तुटलं. राखी बंद झाली, भाऊबीज बंद झाली. म्हणून मी त्या ठेवींचं नाव कधी काढलं नाही. आजही ते काढून द्यायला सांगत नाही. पैसे माझेच जातील. तुझे फक्त मोजायचे आहेत. तू सही करायची, बस.

आता मी हे का करतो आहे ते सांगतो. तू जाताना म्हणालीस की त्या डब्यांनी खाल्लं त्याला. तो पहाटे विंचूरच्या बागांमध्ये डब्या बघायला गेला नसता तर ट्रकखाली आला नसता, हे खरं आहे. मी त्यावर काही बोलत नाही.

पण तुला एक माहीत नाही. तू गेल्यावर मी माझा नंबर तेजलला देऊन शेतकऱ्यांच्या यादीत घालायला सांगितला. द्राक्षाचं पान रात्री किती वेळ ओलं राहिलं ते ती डबी मोजते, आणि सकाळी शेतकऱ्याच्या फोनवर निरोप जातो. यंत्रच पाठवतं, पण वाक्यं सगळी सुयशने लिहिलेली आहेत. "राम राम दादा. रात्री पानं कोरडी होती. आज डावणी रोगाची भीती नाही. औषध वाचवा, चहा घ्या." हे असं. रोज थोडं वेगळं येतं. कधी चेष्टा असते. परवा आलं, "दादा, आज ढग आहेत, पण घाबरू नका, नुसतेच मिरवायला आलेत." मला वाचताना त्याचा आवाज येतो.

कंपनी बंद झाली की ते बंद होणार. मला दाखला पाहिजे तो यासाठी. हे हर्षलला सांगितलेलं नाही, तेजललाही नाही.

सोबत अर्ज पाठवतो आहे. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. पॅन आणि आधारची प्रत लागेल. बँकेचा उतारा हर्षल नंतर मागवेल.

सावळीराम


नाशिक
२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

सकाळी बाजारातून मेथी आणली. निवडायला बराच वेळ गेला. दुपारी हर्षलला पाकीट देऊन आलो.

उज्वला,

सह्या मिळाल्या. सगळ्या ठिकाणी केल्या आहेस.

तुझ्याकडून काहीच आलं नाही म्हणून मी गेल्या सोमवारी तुमच्या गावी आलो होतो. तू आतल्या खोलीत होतीस, हे मला ओट्यावरून कळत होतं. बाहेर आली नाहीस, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बाहेर काय बोलणं झालं ते तुला पूर्ण ऐकू गेलं नसेल.

केरू बागेतून आला. हातात कात्री तशीच होती. म्हणाला, "या दाजी. आसं पाव्हन्यासारखं कडंला का बसले? वर सरका ना."

मी म्हटलं, "बरं आहे इथेच."

"द्राक्षं खाता का? ह्या टायमाला गोडी लय हे. फुगवनीला पानी बेतानं दिलं आपन."

मी अर्जाचं विचारलं. तो कात्रीचं पातं उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "आक्काला मी काय बोलू? ती मोठी हे. पन दाजी, खरं सांगू का, पैशाचं तिच्याफुडं आत्ता नका काढू. जरा दम खा."

"पैसे मागत नाही रे. सही पाहिजे फक्त."

"तेच म्हनतो मी. सही बी पैशाचीच असती ना."

तेवढ्यात सिंधुबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी केरूला गप्प केलं. "तुमी जा बरं, टेम्पोवाला कवाचा खोळंबलाय." तो गेल्यावर माझ्याशी हळू बोलल्या. "दाजी, वन्सं जेवत्यात आता. पहिलं नुसतं पानी पिऊन ऱ्हायच्या. आता माझ्या सुनेच्या पोरीला घेऊन बसत्यात. तिची येनी घालत्यात. तुमी कायजी नका करू." मी काही विचारलं नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं, ते बरं केलं.

चहा पिऊन निघालो. फाट्यावर बसची वाट पाहताना मी ठरवलं होतं की आता तुला पुन्हा लिहायचं नाही.

आणि शनिवारी केरू मोटारसायकलवर नाशिकला आला. दारातूनच पाकीट दिलं. मी म्हटलं, आत ये, पाणी तरी घे. तो म्हणाला, "नगं, उशीर व्हईल." माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, थंडीत गाडीवर आल्यामुळे असेल.

तेजलला फोन केला. तिने दोनदा विचारलं, खरंच का म्हणून. मग म्हणाली, "काका, आमच्या मागे बाराशे शेतकरी आहेत. त्यांना आता सांगू का, पुढचा हंगाम नक्की म्हणून?" मी म्हटलं, सांग.

मेथी जास्त झाली. तुझ्यासारखी बारीक चिरता येत नाही. दोन दिवस तीच खाईन.

सावळीराम


नाशिक
१३ फेब्रुवारी २०२६, शुक्रवार

काल हर्षलने बोलावून घेतलं. आज दिवसभर घरीच होतो. जेवलो नाही. भूक नव्हती.

उज्वला,

हर्षलने दार लावून घेतलं तेव्हाच मला कळलं, काहीतरी आहे. म्हणाला, "काका, काकूंच्या खात्याचा उतारा आला. ठेवी डिसेंबरमध्येच मोडल्यात."

मी म्हटलं, दुसरीकडे ठेवल्या असतील.

"नाही काका. केरूमामांना बक्षीसपत्र करून दिलंय. सगळी रक्कम. काकूंच्या नावावर आता मोजण्यासारखं काही नाही."

मला राग आला. खोटं कशाला लिहू. रस्त्यात एका रिक्षावाल्याशी विनाकारण भांडलो. घरी येऊन तुला लिहायला बसलो आणि जे लिहिलं ते फाडून टाकलं. मनात एकच होतं की मग सह्या का केल्यास? मला दोन ओळींत कळवता आलं असतं. मी तेजलला हो सांगून बसलो. तिने शेतकऱ्यांना सांगितलं.

मग रात्री सुयशच्या बाराव्याचा दिवस आठवला. मांडवात आपल्या बाजूची सगळी माणसं बसली होती. माहेरचा दुखवटा यायचा असतो, आणि तुझ्या माहेरचं कोणी येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. भटजीने दोनदा विचारलं, आहेर कोणाचा, म्हणून. तू मान खाली घालून बसली होतीस. माझ्या चुलत बहिणीने तुझ्यासाठी स्वतःच्या पिशवीतून पातळ काढायला घेतलं. तेवढ्यात केरू आणि सिंधुबाई आत आले. केरूच्या हातात पातळ होतं, माझ्यासाठी टॉवेल-टोपी होती. अकरा वर्षांनी. त्याने माझ्या डोक्यावर टोपी ठेवली. आणि सिंधुबाईंनी तुझ्या अंगावर पातळ टाकलं तेव्हा तू पहिल्यांदा रडलीस. त्याआधी बारा दिवस तू रडली नव्हतीस. मला भीती वाटायला लागली होती.

मग तू त्यांच्याबरोबर गेलीस. मला वाटलं आठ दिवसांनी येशील.

आज सकाळी केरूचा फोन आला. हर्षलच्या ऑफिसातून कोणीतरी त्याला कागदासाठी फोन केला होता, त्यामुळे मला कळल्याचं त्याला समजलं. तो म्हणाला, "दाजी, आईची शप्पत, आमी मागितलं नाय. आक्कानं सोताहून दिलं. मी म्हनलं, नगं. तर ती म्हनली, माझा पोरगा गेला, आता मला ह्याचं काय करायचं? मला हितं निजायला जागा दे, म्हनली."

मी विचारलं, "मग सह्या कशाला केल्या?"

तो म्हणाला, "म्या बी तेच इचारलं. तर म्हनली, त्यांना नाय म्हनवत नाय मला."

नंतर तो म्हणाला, "दाजी, तुमी म्हनाल तर उद्या परत टाकतो तिच्या खात्यात. पैका आजून हलवला नाय. पन मंग आक्काचं हितं ऱ्हानं अवघड व्हईल. भावकीतले थोरले अण्णा आधीच टोचून बोलत्यात. ती आत्ता कुठं चार मानसांत बसाया लागलीय."

हर्षलही हेच म्हणाला होता. बक्षीस दिलेलं बक्षीस म्हणून परत देता येतं, दाखला मिळेपर्यंत तुझ्या खात्यात राहिलं तरी पुरे, मग त्यांचं त्यांना. कायद्यात बसतं म्हणाला.

मी फोन हातात धरून उभा होतो. केरू पलीकडे वाट बघत होता. बागेतल्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता, आणि एक लहान मुलगी मोठ्याने काहीतरी मागत होती. मग तिला उत्तर देणारा आवाज आला. तुझा होता. काय म्हणालीस ते कळलं नाही. पण आवाज नेहमीसारखा होता, पूर्वी सुयशला ओरडायचीस तसा.

मी केरूला सांगितलं, राहू दे. जिथे आहेत तिथेच राहू देत.

तो रडायला लागला. मी फोन ठेवला.

आज सकाळचा निरोप असा होता. "राम राम दादा. रात्री दव पडलं, पण सूर्य लवकर आला. आज नुसती नजर ठेवा."

तेजलला संध्याकाळी कळवलं की जमत नाही. का जमत नाही ते सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. "बरं काका," एवढंच म्हणाली.

सावळीराम


नाशिक
३ मार्च २०२६, मंगळवार

सकाळी तेजलबरोबर टेम्पोतून विंचूरकडे गेलो. डब्या गोळा केल्या. संध्याकाळी परत आलो. पाय दुखत आहेत.

उज्वला,

निरोप शनिवारपासून बंद झाले. शुक्रवारचा शेवटचा. तो काय होता ते लिहीत नाही. विशेष काही नव्हतं, नेहमीचाच होता. शेवटचा आहे हे त्याला कुठे माहीत होतं.

मुंबईच्या फंडाने कळवलं की ते थांबतात. तेजलला पुण्यात नोकरी मिळाली आहे. ऑफिसची जागा सोडली. डब्या एका कंपनीने भंगारापेक्षा जरा बऱ्या भावाने मागितल्या आहेत, त्यातून ऑफिसातल्या मुलांचे राहिलेले पगार भागतील. ती एकटी जाणार होती, म्हणून मी गेलो.

सुयशचा अपघात झाला तो फाटा वाटेत आला. तेजलने ड्रायव्हरला काहीतरी विचारलं, मोठ्याने, उगाचच. मी दुसऱ्या बाजूला बघितलं. त्या बाजूला कांद्याच्या चाळी आहेत.

बरेच शेतकरी चांगले वागले. काहींनी पैसे भरलेले होते, त्यांनीही बोलून दाखवलं नाही. एका बागेत धोंडाबाई म्हणून म्हातारी होती, तिने मात्र आम्हाला डबीचा खांब उपटू दिला नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय गं पोरी, देताना गोड बोलून दिलं, आन् आता नेता व्हय?"

तेजल म्हणाली, "मावशी, आता यातून निरोप येणार नाही. बंद पडली कंपनी."

"नाय आला तर नाय. त्या पोरानं सोता खड्डा खांदून लावलाय ह्यो. चार घास जेवला हितं बसून. भाजीत मीठ जास्त हे म्हनून मलाच नावं ठेवली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्ये कोन? डायवर का?"

तेजल काही बोलायच्या आत मी हो म्हटलं.

"मंग डायवर, तुमी गाडीत बसा. खांब हितंच ऱ्हाईल."

आम्ही तो तिथेच ठेवला. तेजलने यादीत त्यापुढे "हरवली" असं लिहिलं.

परत येताना ती म्हणाली, "काका, तुम्ही ॲक्रेडिटेड झाला असता तर काय वाटलं असतं माहीत नाही, पण आम्ही कदाचित पुढच्या वर्षी बंदच पडलो असतो. असे नव्वद टक्के बंद पडतात." माझं मन राखायला म्हणाली. मी म्हटलं, असेल. पण वर्षभर तरी रोज सकाळ झाली असती.

हर्षलने फाइल परत दिली. फी घेतली नाही. मी टेबलावर ठेवली ती त्याने माझ्या खिशात घातली. पुढे कधी करायचं झालं तर या, म्हणाला. पुढे कशासाठी करायचं ते मला समजलं नाही. माझ्याकडे जे आहे ते आहे. तेवढं कोणासाठी ठेवायचं आणि कशात ठेवायचं?

तू परत यावंस म्हणून हे पत्र नाही. तिथे तू जेवतेस, मुलीची वेणी घालतेस. इथे आलीस तर दोघांनी मिळून या घराकडे बघत बसायचं, तेवढंच होईल. तुझे पैसे कुठे गेले ते मला माहीत आहे, हे तुला कळावं, आणि तू ते मनातून काढून टाकावंस, म्हणून लिहिलं. केरूला काही बोलू नकोस. त्याने फसवलेलं नाही. सह्या केल्यास, त्याबद्दलही काही मनात नाही.

यापुढे फारसं लिहिणार नाही. लिहायला कारण राहिलेलं नाही. तब्येत ठीक आहे.

हे लिहीत असताना दूध उतू गेलं. उठून गॅस बंद केला आणि ओटा पुसला. शेगडीची जाळी साबणाच्या पाण्यात भिजत घातली आहे. आता चिकटलेलं सुटलं असेल. ती घासून ठेवतो.

सावळीराम